जखमी कारीगराची बुडालेली मजुरी : उपकार नव्हे, हक्क

पालघर-बोईसरच्या बाजारात आमचा कापडाचा व्यवसाय आहे. या धंद्यात आम्ही अनेक करार पाहिले, अनेकांवर साक्षीदार म्हणून सही केली. त्यातील एका कागदाची आठवण आली की आजही मान खाली जाते. त्या कागदाची हकीकत आधी सांगतो, कारण आज जे लिहावयाचे आहे ते त्या कागदावरूनच आम्ही शिकलो.

२०१४ ची गोष्ट. बोईसरमधील एका लहान गाळ्यात कापडाला इस्त्री करणाऱ्या कॅलेंडर मशीनच्या रोलरमध्ये एका कारीगराचा उजवा हात ओढला गेला. हात वाचला, पण तर्जनी मुळापासून गेली. वय पंचवीस, पगार महिना ८,००० रुपये, गाव उत्तर प्रदेशात. गाळ्याचा मालक आमच्या ओळखीचा, नमाजी माणूस. त्याने दवाखान्याचे बिल भरले आणि वर २०,००० रुपये दिले. शंभर रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर मजकूर झाला की, 'मला सर्व रक्कम मिळाली, यापुढे माझी कोणतीही मागणी नाही.' त्या मुलाने डाव्या हाताने अंगठा उठविला. साक्षीदार म्हणून सही आमची! मालक दिलदार आहे असे आम्ही चारचौघांत बोललोही.

अडीच वर्षांनी तो मुलगा आमच्या दुकानात काम मागावयास आला. मशीनवर त्याला कोणी घेत नव्हते. रात्रपाळीचा वॉचमन म्हणून निम्म्या पगारावर दिवस काढीत होता. त्याच सुमारास एका वकील मित्राने आम्हाला कायद्याचा हिसाब करून दाखविला. त्या बोटाची भरपाई निघाली १,४५,७६३ रुपये! दवाखान्याचे बिल त्याहून वेगळे. दावा करण्याची दोन वर्षांची मुदत टळून गेली होती. योग्य कारण दाखविल्यास उशीर माफ होऊ शकतो, हेही तेव्हा आम्हास कोणी सांगितले नाही. तोवर मालक गाळा बंद करून निघून गेला होता.

मालक जालीम नव्हता. मुलगा मूर्ख नव्हता. आम्हीही कोणाचे वाईट चिंतिले नव्हते. तिघांनाही कायदा माहीत नव्हता, एवढेच. पण या अज्ञानाची किंमत तिघांपैकी एकानेच मोजली. म्हणून हा लेख.

हिसाब कसा होतो?

कामावर असताना, कामामुळे अपघात झाला तर भरपाई देण्याची जिम्मेदारी मालकाची आहे, हे तत्त्व आपल्या देशात १९२३ च्या कायद्याने आले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० लागू झाली आणि तो जुना कायदा तिच्यात सामावला गेला. त्या तारखेपूर्वीच्या अपघातांना जुना कायदा लागतो. हिसाबाची रीत मात्र दोन्हींत सारखीच आहे.

यात चूक कोणाची हे आधी सिद्ध करावे लागत नाही. कारीगराचे लक्ष नव्हते, त्याने घाई केली, एवढ्याने त्याचा हक्क जात नाही. दारू अगर नशा केली असेल, सुरक्षेचा नियम जाणूनबुजून मोडला असेल किंवा मशीनचे संरक्षक झाकण मुद्दाम काढून टाकले असेल, तरच मालकाला बचाव मिळतो. आणि मृत्यू झाला किंवा माणूस कायमचा पूर्ण निकामी झाला, तर हा बचावही चालत नाही.

आता मजुरीकडे वळू. समजा, हात मोडला आणि कारीगर तीन महिने घरी बसला, पण नंतर पूर्ण बरा झाला. या काळात त्याला दर पंधरवड्याला मासिक पगाराच्या २५ टक्के मिळाले पाहिजेत. पगार १२,००० असेल तर पंधरवड्याला ३,०००, म्हणजे महिन्याला ६,०००. ही बुडालेल्या मजुरीची निम्मी भरपाई होय. अपघातामुळे तीन दिवसांपेक्षा अधिक काळ काम बंद राहिले असले पाहिजे, एवढीच अट. औषधोपचाराचा प्रत्यक्ष खर्चही मालकाचाच आणि तो या रकमेतून कापता येत नाही. पुष्कळ मालक बिल भरून मोकळे होतात आणि भरपाई दिली असे समजतात. बिल वेगळे, मजुरी वेगळी.

अवयव कायमचा गेला तर हिसाब असा : मासिक पगाराचे ६० टक्के घ्यावेत. त्यास वयानुसार ठरलेल्या अंकाने गुणावे. हा अंक वयाच्या २५ व्या वर्षी २१६.९१, तिसाव्या वर्षी २०७.९८ आणि चाळिसाव्या वर्षी १८४.१७ आहे. आलेल्या रकमेची, त्या अवयवासाठी कायद्याने ठरविलेली टक्केवारी काढावी. पूर्ण तर्जनीस १४ टक्के, मधल्या बोटास १२, अंगठ्यास ३०, एका हाताची चारही बोटे गेल्यास ५० आणि पूर्ण हातास ६० टक्के.

त्या मुलाचा हिसाब आता वाचकांनी स्वतःच करून पाहावा. ८,००० चे ६० टक्के ४,८००. त्यास २१६.९१ ने गुणले की १०,४१,१६८. त्याचे १४ टक्के म्हणजे १,४५,७६३ रुपये. आजचा तीस वर्षांचा, १२,००० पगाराचा कारीगर असेल तर तर्जनीचे सुमारे २,०९,६४४ आणि अंगठ्याचे सुमारे ४,४९,२३७ रुपये होतात. पगार कितीही मोठा असला तरी हिसाबात तो एका मर्यादेपर्यंतच धरतात. २०१० पासून ती मर्यादा ८,००० होती. ३ जानेवारी २०२० च्या अधिसूचनेने ती १५,००० करण्यात आली.

मृत्यू झाल्यास ६० ऐवजी ५० टक्के धरून वयाच्या अंकाने गुणतात आणि ती रक्कम वारसांची असते.

एक गोष्ट आमच्या कारीगर बंधूंनी विशेष ध्यानात ठेवावी. कायद्यातील टक्केवारी हा शेवटचा शब्द नव्हे. १९६८ मध्ये एका सुताराचा डावा हात कोपराच्या वरून कापावा लागला. मालकाचे म्हणणे असे की हा अंशतः निकामीपणा आहे. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९७५ मध्ये निर्णय दिला की एका हाताने सुतारकाम होऊ शकत नाही, सबब हा माणूस त्याच्या कामापुरता शंभर टक्के निकामी झाला आहे. त्याच निर्णयात हेही ठरले की भरपाईची रक्कम अपघाताच्या दिवसापासूनच देय होते, निकालाच्या दिवसापासून नव्हे. विणकर, शिंपी, जरीकाम करणारा, लेथवर बसणारा, या सर्वांनी हा निर्णय लक्षात ठेवण्याजोगा आहे.

मालक बंधूंना दोन शब्द

आम्ही स्वतः व्यापारी आहोत. मालकाची बाजूही आम्हास ठाऊक आहे. पेमेंट अडकलेले, विजेचे बिल डोक्यावर, आणि त्यात अपघात! अशा वेळी आपसांत मिटविणे सोपे वाटते. पण हा सौदा मालकालाही महाग पडतो.

कामगाराने आपला हक्क सोडून दिल्याचा करार कायद्यापुढे टिकत नाही. एकरकमी तडजोड करावयाची असेल तर त्या कराराची नोंद भरपाई आयुक्तांकडे झाली पाहिजे. नोंद केली नाही तर मालकाकडून पूर्ण भरपाई वसूल होऊ शकते. आयुक्तांनी वेगळा आदेश दिला नाही तर, आधी दिलेल्या रकमेतून अर्ध्याहून जास्त वजाही मिळत नाही. म्हणजे आमच्या त्या मालकाने दिलेल्या २०,००० पैकी १०,००० कोर्टाने मोजलेच नसते. मृत्यूच्या प्रकरणात तर वारसांच्या हाती परस्पर पैसे देऊच नयेत. रक्कम आयुक्तांकडे भरावी लागते आणि वाटणी तेच करतात.

रक्कम देय झाल्यापासून एका महिन्यात दिली नाही तर सालाना १२ टक्के व्याज, आणि उशिराला सबळ कारण नसेल तर आणखी ५० टक्क्यांपर्यंत दंडाची रक्कम लागते. मालकाने विमा घेतला असला तरी हा दंड विमा कंपनी सहसा देत नाही, तो मालकाच्या खिशातून जातो. ज्यांना व्याजाची बाब खटकते त्यांच्यासाठी सरळ मार्ग हाच की महिन्याच्या आत रक्कम द्यावी. मग घेण्याचा आणि देण्याचा, दोन्ही प्रश्न उरत नाहीत.

'माणूस माझा नव्हे, ठेकेदाराचा' हे उत्तर तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत रोज ऐकू येते. तेही नेहमी चालत नाही. आपल्या धंद्याचेच काम आपल्याच आवारात ठेकेदाराकडून करून घेतले आणि तेथे अपघात झाला, तर कामगार मूळ मालकाकडे भरपाई मागू शकतो. मालकाने ती देऊन मग ठेकेदाराकडून वसूल करावी. तसेच रोजंदारीचा, नगावर काम करणारा, चार दिवसांपूर्वी आलेला, असे म्हणूनही सुटका होत नाही. 'तात्पुरता कामगार' हा अपवाद २००० सालीच कायद्यातून काढून टाकण्यात आला.

ईएसआय असेल तर

दहा किंवा अधिक माणसे असलेल्या कारखान्याला कर्मचारी राज्य विमा योजना, म्हणजे ईएसआय, लागू होते. २०१७ पासून २१,००० पर्यंत पगार असलेला कामगार तीत येतो. जुलै २०१९ पासून कामगाराचा हिस्सा पगाराच्या पाऊण टक्का आणि मालकाचा सव्वातीन टक्के आहे. म्हणजे १२,००० पगारावर कामगाराचे ९० आणि मालकाचे ३९० रुपये.

या ४८० रुपयांत काय मिळते ते पाहावे. कामावर अपघात झाल्यास बरा होईपर्यंत सरासरी मजुरीच्या ९० टक्के रक्कम, उपचार मोफत, कायमचे अपंगत्व आल्यास दरमहा पेन्शन, मृत्यू झाल्यास कुटुंबाला पेन्शन. वर सांगितलेल्या निम्म्या मजुरीशी याची तुलना करावी. ईएसआयमध्ये असलेल्या कामगाराची भरपाई निगम देते, मालकावर वेगळा दावा होत नाही. दोघांचेही हित यातच आहे. दहापेक्षा कमी माणसे असलेला मालकही कामगारांच्या बहुमताने स्वेच्छेने या योजनेत येऊ शकतो, अशी सोय नव्या संहितेत आहे. तरी काही मालक पंधरा माणसांपैकी आठच नावे हजेरीपटावर ठेवतात. दरमहा काही हजार वाचतात खरे, पण एक बोट जाताच वर्षांची बचत निघून जाते.

रस्त्यातील अपघात

पालघर, बोईसर, सफाळे, डहाणू येथील हजारो लोक रोज लोकलने, सहा आसनी रिक्षाने, मोटारसायकलने पाळीवर जातात. वाटेत अपघात झाला तर? पूर्वी यावर फार वाद होत. २२ एप्रिल २००३ रोजी उस्मानाबाद जिल्ह्यातील एका साखर कारखान्याचा वॉचमन पहाटेच्या पाळीसाठी मोटारसायकलने निघाला आणि कारखान्यापासून सुमारे पाच किलोमीटरवर अपघातात मरण पावला. आयुक्तांनी कुटुंबाला ३,२६,१४० रुपये मंजूर केले. २०११ मध्ये उच्च न्यायालयाने ते रद्द केले. २९ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने भरपाई पुन्हा कायम केली. वेळ, जागा आणि परिस्थिती यांचा कामाशी संबंध दिसत असेल तर घर ते कामाची जागा हा प्रवासही कामात धरावा, असा त्या निर्णयाचा आशय आहे. नव्या संहितेत तर हे स्पष्टच लिहिले आहे. बावीस वर्षे त्या घराने वाट पाहिली. पण दावा सोडला नाही, म्हणून न्याय मिळाला.

पहिला दिवस

आमच्या अनुभवाने सांगतो की अशी प्रकरणे कोर्टात हरत नाहीत, दवाखान्यातच हरतात. जखमीला घेऊन जाणारा मुकादम त्याच्या कानात सांगतो, 'घरी पडलो म्हणून सांग, नाही तर पोलीस येतील.' डॉक्टर तेच केस पेपरवर लिहितो. मग दोन वर्षांनी वकील काय करणार? म्हणून :

१. केस पेपरवर तारीख, वेळ आणि 'कामावर मशीनमध्ये जखम' हे खरे तेच लिहून घ्यावे. खोटे बोलू नये, बोलू देऊ नये.

२. मालकाला अपघाताची लेखी खबर द्यावी, एक प्रत आपल्याजवळ ठेवावी. मोबाइलवरील संदेशही जपून ठेवावा.

३. पगाराचा पुरावा गोळा करावा : बँकेचे पासबुक, मोबाइलवर आलेला पगार, हजेरी कार्ड, गेट पास. रोख पगार असेल तर सोबतच्या दोन कारीगरांची नावे-पत्ते लिहून ठेवावेत.

४. जखम भरल्यावर अपंगत्वाचा दाखला घ्यावा. कोऱ्या कागदावर अगर न वाचलेल्या स्टॅम्प पेपरवर अंगठा उठवू नये.

५. दोन वर्षांच्या आत आयुक्तांकडे अर्ज करावा. परप्रांतीय बंधूंसाठी महत्त्वाचे : अपघात पालघरला झाला तरी कामगार अगर त्याचे वारस जेथे राहतात तेथील आयुक्तांकडेही दावा करता येतो. गाव आझमगढ असो की दरभंगा, तारखेला येथे येण्याची सक्ती नाही.

६. वकिलाची फी नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. औद्योगिक कामगाराला मोफत वकील मिळण्याचा हक्क १९८७ च्या कायद्याने दिला आहे, त्यास उत्पन्नाची अट नाही.

मोठ्या दुर्घटनांत आणखी एक गैरसमज होतो. ११ जानेवारी २०२० रोजी तारापूर वसाहतीतील रसायनांच्या कारखान्यात स्फोट होऊन आठ जण मरण पावले. तेव्हा सरकारने वारसांना पाच लाखांची मदत जाहीर केली. अशी मदत हा सरकारचा सहानुभूतीचा भाग आहे. ती मिळाली म्हणून मालकाकडून मिळावयाची भरपाई संपत नाही.

ज्यांना मालकच नाही

आपल्यापैकी पुष्कळ जण स्वतःच मालक आणि स्वतःच मजूर आहेत. हातगाडीवाला, घरी मशीन घेऊन बसलेला शिंपी, टेम्पोत माल घेऊन फिरणारा कापडवाला. त्यांचा हात मोडला तर मजुरी कोणाकडे मागावी? मुंबई-अहमदाबाद महामार्गावर अगर इतरत्र वाहनाच्या धडकेने जखम झाली असेल तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे बुडालेल्या कमाईसह दावा करता येतो. २०१९ च्या दुरुस्तीने यास सहा महिन्यांची मुदत घातली, ती १ एप्रिल २०२२ पासून लागू झाली, म्हणून वाट पाहू नये. तेथे पहिला प्रश्न विचारतात की कमाई किती? ज्याने कधी वही लिहिली नाही, विवरणपत्र भरले नाही, त्याची कमाई कोर्ट अंदाजाने धरते आणि अंदाज बहुधा कमीच असतो. धंद्याचा हिसाब हा केवळ कर खात्यासाठी नसतो, संकटात तोच साक्षीदार होतो.

बँकेतील प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत जून २०२२ पासून सालाना २० रुपयांत अपघाती मृत्यू अगर पूर्ण अपंगत्वास दोन लाख आणि कायमच्या अंशतः अपंगत्वास एक लाख मिळतात. विम्याबाबत उलमांची मते भिन्न आहेत. ज्याने त्याने आपल्या आलिमांना विचारून निर्णय घ्यावा. पण काहीच न करणे हा निर्णय नव्हे. मोहल्ल्यातील बैतुलमालमधून जखमी कारीगराच्या घरी दोन महिन्यांचे राशन जाऊ लागले तरी त्याला घाईने अंगठा उठवावा लागणार नाही. माणूस हक्क सोडतो तो अज्ञानाने, आणि त्याहून अधिक भुकेने.

फिकहच्या किताबांत प्रत्येक बोटाची दियत ठरलेली आहे, पूर्ण दियतीचा दहावा हिस्सा. तेथे अंगठा आणि करंगळी यांत फरक नाही. दियत आणि मालकाची भरपाई या दोन वेगळ्या बाबी आहेत, हे आम्ही जाणतो. पण माणसाच्या बोटाला किंमत आहे आणि ती देणाऱ्याच्या मर्जीवर सोडलेली नाही, हे आपल्याला चौदाशे वर्षांपूर्वीच सांगितले गेले. मजुराची मजुरी विनाविलंब देण्याची ताकीद प्रेषित मुहम्मद (स.) यांनी दिली आहे. ती ताकीद केवळ चालत्या हातांच्या मजुरीपुरती आहे काय? आपल्याच मशीनवर जो हात थांबला, त्याची मजुरी कोणी द्यावी?

तो मुलगा पुढे आमच्या दुकानात काही वर्षे होता. आता गावी आहे. आमच्या ऐपतीप्रमाणे आम्ही त्याला काही दिले. तो त्यास मेहरबानी म्हणाला, तेव्हा आम्ही त्याला थांबविले. साक्षीदार म्हणून केलेली ती सही आमच्याच हिशेबात लिहिली गेली आहे. वाचक बंधूंपैकी कोणाला उद्या अशाच कागदावर सही करावयास बोलावले, तर सही करण्यापूर्वी एक वेळ वरचा गुणाकार करून पाहावा. मालक, मजूर आणि साक्षीदार, तिघांचेही भले त्यातच आहे.